सातवाहनांचा राजवाडा कोठे आहे?

राजवाडा पाहावयास जाणे ही पर्यटकाची जुनी हौस आहे. ज्या दालनात एरवी आपल्याला कोणी पाऊल टाकू दिले नसते तेथे तिकीट काढून उभे राहावे, छताकडे मान वर करून पाहावे आणि येथे कोण बसत असेल, कोण निजत असेल याची कल्पना करावी, यात एक वेगळे समाधान असते. नाशिक परिसरात ही हौस भागविणाऱ्या वास्तू आहेत. शहरात गोदावरीच्या काठी पेशवेकालीन सरकारवाडा आहे. आग्रा रस्त्यावर सुमारे ६५ कि. मी. गेले की चांदवडला होळकरांचा रंगमहाल लागतो. तेथील कोरीव खांब आणि भित्तिचित्रे पाहण्यासाठी लोक मुद्दाम थांबतात. पश्चिमेस जव्हारला मुकणे घराण्याचा जयविलास आहे. तो तर विसाव्या शतकातला.

या तीन वास्तूंपैकी एकही तीनशे वर्षांहून जुनी नाही. नाशिकचा लिखित इतिहास मात्र दोन हजार वर्षांचा आहे. शहराच्या दक्षिणेस सुमारे ८ कि. मी. अंतरावरील त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी आहेत. त्यांतील एकोणिसाव्या क्रमांकाच्या लहानशा लेण्यात सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळचा लेख आहे. श्रमणांच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या नाशिकच्या महामात्राने हे लेणे करविले, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे इसवी सनापूर्वीच येथे राजा होता, त्याचे अधिकारी होते आणि श्रमणांचे काम पाहणारे एक स्वतंत्र खातेही होते. मग या राजांचे वाडे कोठे गेले? चांदवडला जाणाऱ्या प्रवाशाने हा प्रश्न विचारावयास हरकत नाही.

त्याचे सरळ उत्तर असे की, सातवाहनांचा म्हणून बोट दाखविता येईल असा एकही राजवाडा आज आपल्याजवळ नाही. त्यांची राजधानी पैठण. तेथे वेळोवेळी उत्खनने झाली. नाणी, मणी, खापरे, घरांचे पाये मिळाले. परंतु राजप्रासाद म्हणून निश्चित ओळखता येईल असे काही हाती आले नाही. नाशिकच्या लेखांत ज्याचा वारंवार उल्लेख येतो ते गोवर्धन हे त्या वेळचे शासकीय ठाणे. अभ्यासक ते नाशिकच्या पश्चिमेकडील आजच्या गोवर्धन गावाशी जुळवितात. तेथेही राजवाडा नाही. नाणेघाटात या घराण्याने आपल्या माणसांच्या मूर्ती खडकात कोरल्या होत्या. मूर्ती नाहीशा झाल्या आणि वरची नावे राहिली. या घराण्याचे नशीबच तसे असावे.

वाडे नाहीसे होण्याचे कारण साधे आहे. ते लाकडाचे होते. पाटलिपुत्राचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे, आणि राजवाडा पाहावयास गेलेल्या प्रवाशाची भारतातील एक फार जुनी नोंदही तेथलीच आहे. चिनी भिक्खू फाहियान इ. स. ४०५ च्या सुमारास पाटलिपुत्रात पोहोचला तेव्हा सम्राट अशोकाच्या मृत्यूला सहा शतके होऊन गेली होती. शहरातील राजवाडा आणि दालने त्याला अजून उभी दिसली. दगडांच्या राशी, भिंती, दरवाजे आणि त्यांवरील कोरीव काम पाहून तो इतका थक्क झाला की, हे मनुष्याच्या हातचे काम नव्हे, अशोकाने यक्षांकरवी हे बांधून घेतले, अशी लोकांत चालत आलेली समजूत त्याने नोंदवून ठेवली. पुढे सातव्या शतकात ह्युएनत्संग आला तेव्हा नगर ओसाड झाले होते आणि जुन्या पायांखेरीज फारसे काही उरले नव्हते. १९१२-१३ मध्ये डॉ. स्पूनर यांनी रतन टाटा यांनी दिलेल्या देणगीतून पाटण्याजवळ कुम्राहार येथे उत्खनन केले. चकचकीत दगडी खांबांच्या एका विशाल मंडपाच्या खुणा आणि राखेचा थर तेथे मिळाला. १९५१ नंतर डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांच्या देखरेखीखाली तेथे पुन्हा काम झाले आणि खांबांची संख्या ऐंशी ठरली. हा मंडप राजवाड्याचाच भाग होता की ते एखादे सभागृह होते, यावर मतभेद आहेत. छप्पर मात्र लाकडाचे होते आणि ते जळाले. अशोकाच्या राजधानीची ही कथा, तर सातवाहनांच्या वाड्यांची काय वाट लागली असेल याचा अंदाज करता येतो.

आता त्रिरश्मीकडे वळू. मराठीत आपण ‘लेणे’ म्हणतो तो शब्द पाली ‘लेण’ पासून आलेला आहे आणि त्याचा अर्थ आश्रयाची, राहण्याची जागा असा आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने भिक्खूंना उघड्यावर, झाडाखाली, डोंगराच्या कपारीत राहताना पाहिले आणि त्यांच्यासाठी निवास बांधण्याची इच्छा दर्शविली. तेव्हा भगवान बुद्धांनी पाच प्रकारच्या लेणांना अनुमती दिली : विहार, अड्ढयोग, प्रासाद, हर्म्य आणि गुहा. या यादीत प्रासाद आणि गुहा शेजारी शेजारी बसलेले आहेत, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. श्रेष्ठीने साठ निवास बांधले आणि आलेल्या व पुढे येणाऱ्या, चारी दिशांच्या संघाला ते दिले. नाशिकच्या लेखांत हीच ‘चातुर्दिश’ संघाची भाषा आढळते.

त्या डोंगरावर राजघराण्यांची दोन मोठी लेणी आहेत. ती पाहताना दहाव्या क्रमांकाच्या लेण्यापासून आरंभ करावा. हे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे लेणे. आत प्रशस्त सभागृह, दोन्ही बाजूंस पाच-पाच आणि मागे सहा अशा खोल्या, ओसरीत घटाकार पायांचे देखणे खांब. ओसरीच्या टोकांच्या खोल्यांवर उषवदाताची पत्नी, नहपानाची कन्या दक्षमित्रा हिचे नाव आहे. लेखात खोलीसाठी ‘ओवरक’ असा शब्द येतो. आपली ‘ओवरी’ त्याच कुळातली. एका राजकन्येचे नाव दोन हजार वर्षे टिकले ते अशा ओवरकाच्या दारावर, जेथे एक माणूस जेमतेम आडवा होऊ शकतो.

उषवदाताने नुसते लेणे कोरून दिले नाही. त्याचा हिशेब भिंतीवर आहे आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. त्याने ३,००० कार्षापणे अक्षय ठेव म्हणून गोवर्धनातील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेविली. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीचे व्याज दरमहा २०, म्हणजे वर्षाला २४० कार्षापणे होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणे चीवरासाठी द्यावयाची, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीच्या ९० कार्षापणांतून त्यांच्या इतर किरकोळ गरजा भागवावयाच्या. हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि नोंदविला गेला, असेही लेख म्हणतो. भिक्खूंच्या अन्नासाठी त्याने एक शेत दिले, तेही एका ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना विकत घेऊन. सत्ताधीशाच्या जावयाने जमीन बळकावली नाही, किंमत मोजून घेतली आणि किंमत कोरून ठेविली. आजच्या काळात हे वाक्य पुन्हा एकदा वाचण्यास हरकत नाही.

यानंतर युद्ध झाले. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. त्याचा पुरावाही नाशिक परिसरातच मिळाला. १९०६ साली जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. शत्रूच्या मुखवट्यावर आपला शिक्का मारण्याचे काम इतक्या चिकाटीने करणाऱ्या या राजाने दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखांना मात्र हात लावलेला दिसत नाही. ते लेख आजही वाचता येतात. लेणे संघाचे झाले होते. त्यावरचे नाव पुसणे म्हणजे संघाच्या दानपत्रात खाडाखोड करणे. राजाने असा विचार केला की त्याला त्याची गरजच वाटली नाही, हे सांगता येणार नाही. पण नाणी आणि लेणी यांना मिळालेल्या वागणुकीतला फरक डोळ्यांत भरतो.

सातवाहनांनी आपले उत्तर जवळच दिले. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे, ज्याला देवीलेणे असेही म्हणतात, ते गौतमीपुत्राची आई महादेवी गौतमी बलश्री हिचे दान आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी, मुलाच्या पश्चात, तिने ते भद्रायणीय भिक्खूंच्या संघाला दिले. स्वतःविषयी तिने थोडेच लिहविले आहे : सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमणारी; तप, संयम, नियम, उपवास यांत तत्पर. मुलाविषयी मात्र शब्द आवरत नाहीत. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले, ज्याने शक, यवन, पल्हव यांचा संहार केला, क्षहरातांचा वंश निःशेष केला, सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापिले, त्याची ही आई. गेलेल्या मुलाची अशी वर्णने राजदरबारी कवी करतातच. पण येथे ती एका आईच्या नावाने, भिक्खूंच्या निवासाच्या ओसरीत कोरली आहेत, हे विसरून चालणार नाही.

आमच्या प्रश्नाचे उत्तर याच लेखात एका उपमेत दडलेले आहे. कैलास शिखरासारख्या त्रिरश्मीच्या शिखरावरील हे लेणे श्रेष्ठ विमानासारखे समृद्ध आहे, अशा अर्थाचे शब्द तेथे आहेत. विमान म्हणजे देवांचा प्रासाद. पाली वाङ्मयातही पुण्यवंतांना मिळणाऱ्या स्वर्गीय वाड्यांना हाच शब्द आहे. हा नुसता अलंकार असावा असे कोणास वाटेल; पण ओसरीच्या बाहेर दोन पावले मागे येऊन खाली पाहावे. कठड्याखाली तुळयांची टोके कोरली आहेत आणि त्या तुळया सहा भल्यामोठ्या यक्षाकृतींनी आपल्या खांद्यांवर पेलल्या आहेत. जणू जमिनीखालून वर येऊन त्यांनी संपूर्ण वास्तू उचलून धरली आहे. लेखात ज्याला विमान म्हटले तेच शिल्पकाराने दगडात करून दाखविले. फाहियानाला पाटलिपुत्रात ऐकू आलेली यक्षांची कथा येथे, त्याच्या कितीतरी आधी, शिल्पात भेटते.

त्या यक्षांवर कोरीव वेदिका, तिच्यामागे सहा खांब, खांबांच्या माथ्यांवर हत्ती, बैल आणि काही काल्पनिक प्राणी. दहाव्या लेण्याचे खांब अधिक रेखीव आहेत, असे जाणकारांचे मत आहे आणि ते खरे आहे. राजमातेच्या शिल्पकारांनी शत्रूच्या लेण्याचा नमुना समोर ठेवला. आकार वाढविला, पण ती लय त्यांना पूर्णपणे साधली नाही. मधला दरवाजा सांचीच्या तोरणाच्या धाटणीचा आहे. त्याच्या दोहों बाजूंस द्वारपाल उभे आहेत आणि त्यांच्या हातांत शस्त्रे नाहीत, फुले आहेत. आतील सभागृहाच्या तीन बाजूंस अठरा खोल्या असून मागील भिंतीवर स्तूप कोरलेला आहे.

सातवाहनांच्या खऱ्या राजवाड्याची एक फट याच लेण्यात उघडी राहिली आहे. गौतमीपुत्राचे दोन आदेश येथे कोरलेले आहेत. अठराव्या राज्यवर्षाचा पहिला आदेश वाड्यातून निघालेला नाही, विजयी सैन्याच्या छावणीतून निघालेला आहे. उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवरील भिक्खूंना द्यावे, असे गोवर्धनच्या अमात्याला त्यात कळविले आहे. चोविसाव्या वर्षाचा दुसरा आदेश राजा आणि राजमाता या दोघांच्या नावे आहे. आम्ही पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील आमच्या खाजगी शेतातील १०० निवर्तने द्यावीत, असा त्याचा आशय आहे. दिलेले दान निरुपयोगी ठरले हे राजघराण्याने मान्य केले आणि ते दुरुस्तही केले. हा आदेश लोटा नावाच्या प्रतिहाररक्षीच्या हातून पार पडला. प्रतिहाररक्षी म्हणजे राजद्वारावरील रक्षिका. ज्या वाड्याचे जोते कोठे होते ते आपल्याला ठाऊक नाही, त्या वाड्याच्या दारावरील एका स्त्रीचे नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि तेही भिक्खूंच्या भिंतीवर असल्यामुळे.

या दानांबरोबर दिलेल्या सवलती अधिक महत्त्वाच्या आहेत. या शेतात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, त्याला कोणी हात लावू नये, तेथे मिठासाठी खोदू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांचा तेथे अधिकार चालू नये. प्राकृतात हे चार-पाच ठाशीव शब्द आहेत आणि दानपत्रांतून ते नियमाने येतात, म्हणून वाचक त्यांवरून पुढे सरकतो. थोडे थांबले तर त्यांचा अर्थ कळतो. वाड्याचे दार लोकांना बंद असते. येथे राजा स्वतःच्या माणसांना एक सीमा आखून देतो आणि तिच्याबाहेर थांबण्यास सांगतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या दानांवरून सातवाहन बौद्ध होते असा निष्कर्ष आपल्या लिखाणात कधी कधी उत्साहाने काढला जातो. लेख त्याला दुजोरा देत नाहीत. याच लेण्यात बलश्रीने आपल्या मुलाला अद्वितीय ब्राह्मण म्हटले आहे आणि चातुर्वर्ण्याचा संकर त्याने थांबविला याबद्दल त्याची स्तुती केली आहे. उषवदाताने तीन लक्ष गाई दान केल्या आणि वर्षाला एक लक्ष ब्राह्मणांना भोजन घातले, हेही त्याच्याच लेखात आहे. इतिहासाला हे अडचणीचे नाही, उलट अधिक विचार करावयास लावणारे आहे. वर्णव्यवस्थेचा अभिमान मिरविणाऱ्या घराण्याला आपला एक मोठा लेख, आपल्या सर्वांत मोठ्या वीराचे स्तवन, ज्या संघात वर्ण विचारला जात नाही त्याच्या दारात कोरावेसे वाटले. व्यापारी, श्रेणी, कारागीर, गावकरी यांच्यात संघाचे वजन किती असले पाहिजे, याचे हे गमक आहे. राजांना प्रजेपर्यंत पोहोचावयाचे होते आणि प्रजा वर्षावासात, उपोसथाला, या डोंगरावर येत होती.

पुढे संघ येथून गेला आणि लेणी कोणाची याचा विसर पडला. मग लोकांनी त्यांना ‘पांडवलेणी’ हे नाव दिले. हे नाव चुकीचे आहे हे आपण जाणतो आणि त्रिरश्मी या मूळ नावाचा आग्रह धरतो, तो योग्यच आहे. तथापि, या चुकीचे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. एवढे खांब, एवढे दालन, एवढी नक्षी पाहून गावकऱ्याला वाटले की हे भिक्षा मागणाऱ्यांचे घर नसणार. येथे राजपुत्रच राहिले असणार. म्हणून त्याने वनवासातले राजपुत्र शोधून काढले. शिल्पकारांनी प्रासादाचा आभास इतका उत्तम साधला होता की पुढच्या पिढ्या त्याला खरोखरच भुलल्या.

प्रासादाचा हा आभास अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर आणखी स्पष्ट दिसतो. कमानीखाली कोरलेल्या लाकडी वाशांच्या प्रतिकृती, सज्जांचे कठडे, एकावर एक चढणारे थर, हे सारे लाकडी इमारतीचे भाग आहेत. दगडाला त्यांची गरज नसते. दगडी छत वाशांवर तोललेले नसते. सुतारकामाचा तो दगडात घेतलेला ठसा आहे. कार्ल्याच्या ओसरीच्या बाजूच्या भिंतींवर हत्तींच्या पाठीवर मजल्यांमागून मजले उभे आहेत, तेही असेच. त्या काळच्या नगरांतील वाडे कसे दिसत हे ज्याला पाहावयाचे असेल त्याला या दर्शनी भागांखेरीज आणि सांचीच्या शिल्पपट्टांखेरीज दुसरे साधन जवळजवळ नाही. तेव्हा राजवाडा पाहण्याच्या हौसेने त्रिरश्मीवर जाणारा पर्यटक अगदीच चुकीच्या जागी जात नाही, असे म्हणावे लागेल. या चैत्यगृहाच्या दारावरील काम मात्र राजाचे नाही, धंभिक गावच्या लोकांचे दान आहे.

चढण फार नाही. पायथ्याशी बुद्धस्मारक आणि दादासाहेब फाळके स्मारक झाल्यापासून गर्दी वाढली आहे. पुष्कळ जण तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत सावलीला बसतात, छायाचित्रे काढतात आणि वरच्या भिंतीवरील अक्षरांकडे पाठ करून उतरतात. आपल्या विहारांतून निघणाऱ्या सहलींनी तरी बरोबर लेखांचे मराठी भाषांतर न्यावे आणि एकाने ते मोठ्याने वाचावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

वाचताना एक गाव ऐकू येईल : पिसाजीपदक. पुळुमावीने ते आपल्या आजीच्या लेण्याला चित्रांसाठी दिले, म्हणजे त्या गावच्या उत्पन्नातून या भिंती रंगवावयाच्या होत्या. आज त्या भिंतींवर पाहण्यासारखा रंग नाही. तेथून पुढे विसाव्या लेण्यापर्यंत जावे. बोपकी नावाच्या एका भिक्खूने ते कोरावयास घेतले आणि पुष्कळ वर्षे ते अर्धवट राहिले. यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या राज्यवर्षी महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पुरे करून चातुर्दिश संघाला राहावयास दिले. सेनापतीच्या घरची बाई. तिचे स्वतःचे घर कोठे होते ते कळत नाही. लेखात तिच्या नावाबरोबर बोपकीचे नावही आहे.